हॉलच्या मोठ्या स्लायडिंग दाराला डासांची जाळी: कुठली घ्यायची, माप कसं घ्यायचं, काय काय तपासायचं

कोल्हापुरात नवीन फ्लॅट घेतला की हॉलला आठ-दहा फुटी स्लायडिंग दार ठरलेलंच, बाहेर टेरेस नाहीतर मोठी गॅलरी, आणि बिल्डर काचा देतो पण जाळी देत नाही, दिलीच तर कोपऱ्यात अडकणारी एक हलकी फ्रेम देतो. मग संध्याकाळी सहा वाजले की दार बंद, पंखा फुल्ल, आणि एवढ्या पैशाच्या दाराचा उपयोग काय तर काचेतनं पाऊस बघायचा. जाळीच्या दुकानात गेलं की माणूस आधी नमुने पुढ्यात टाकतो, ही फायबर, ही एसएस, ही प्लीटेड, बोला कुठली पाहिजे. माझ्या मते हा शेवटचा प्रश्न आहे. मोठ्या दाराला आधी बघायचं ते जाळीची फ्रेम कशावर धावणार आणि कडेला फट किती राहणार, कारण डास काय जाळी फाडून येत नाही, कडेनं येतो.

आधी तुमच्या दारातनं आत काय येतंय ते बघा

रंकाळा, कळंबा या बाजूला नाहीतर बावड्यात, फुलेवाडीत उसाच्या कडेला घर असेल तर प्रश्न नुसत्या डासांचा नसतो. वळवाचे एक-दोन पाऊस झाले की वाळवीची पाखरं ट्यूबवर तुटून पडतात आणि सकाळी फरशीवर नुसता पंखांचा खच. पावसाळ्यात चिलटं. आणि ऊसतोडणीच्या हंगामात कुणीतरी पाचट पेटवतंय, त्याची काळी राख उडत येऊन जाळीत अडकते, त्यामुळं जाळी काढून धुता येते का हे आपल्याकडं आधी विचारायचं.

डास, माश्या, वाळवीची पाखरं यांच्यासाठी १८×१६ ची जाळी पुरते. म्हणजे एका इंचात आडवी १८ आणि उभी १६ घरं. फायबरचा नेहमीचा धागा साधारण ०.२८ मिमीचा, तो वजा केला की भोक राहतं १.१ ते १.३ मिमी, त्यातनं आपला डास जात नाही. हिशेब केला तर या जाळीची साधारण ६६ टक्के जागा मोकळी असते, त्याच धाग्याची २०×२० घेतली की ६० टक्क्यांच्या आसपास येते. कागदावर फरक किरकोळ दिसतो पण घरं जितकी बारीक तितकी धूळ लवकर धरते आणि मग वारा येतच नाही. चिलटांचा खरोखर त्रास असेल तरच २०×२० घ्या, उगाच 'बारीक म्हणजे भारी' असं काही नसतं.

दुकानात घरं मोजायची सोपी पद्धत म्हणजे जाळीवर स्टीलची पट्टी ठेवायची, मोबाईलनं जवळनं फोटो काढायचा, झूम करायचं आणि एका इंचातली घरं मोजायची. दुकानदार तोंडी १८×१६ सांगतोय आणि फोटोत १४ निघाली तर पुढचं बोलणं आपोआप सोपं होतंय.

अजून एक. डेंग्यूचा एडिस डास दिवसा चावतो, सकाळी सूर्य वर आल्यावरचे एक-दोन तास आणि संध्याकाळी अंधार पडायच्या आधीचे दोन-तीन तास त्याचा जोर जास्त. म्हणजे 'सहा वाजले की जाळी ओढू' हे गणित चालत नाही. जाळी दिवसभर लावलेलीच राहणार आणि तुम्ही दिवसातनं पन्नासदा तिच्यातनं कपडे वाळत घालायला, झाडांना पाणी घालायला जाणार. त्यामुळं एका हातानं, दुसऱ्या हातात बादली असताना सरकेल अशीच जाळी उपयोगाची. आणि कुंड्यांच्या ताटल्यांत पाणी साठवून ठेवणार असाल, त्यातल्या दोन कुंड्या हॉलमध्ये जाळीच्या आतच असतील, तर जाळीवर खर्च करूच नका.

मग खाली वाकून ट्रॅक मोजा

दार पूर्ण उघडा आणि खालच्या फ्रेममध्ये चाकं पळायच्या उभ्या पट्ट्या किती ते मोजा. दोन असतील तर टू ट्रॅक, दोन्हीवर काचा, जाळीला जागा नाही. तीन असतील तर थ्री ट्रॅक, पण खूश व्हायच्या आधी तिसरी रिकामी आहे का बघा, कारण मोठ्या दारांत बऱ्याचदा तिन्हीवर काचाच असतात. यूपीव्हीसीत, म्हणजे कडक प्लॅस्टिकच्या फ्रेममध्ये, अडीच ट्रॅक म्हणून एक प्रकार येतो, दोन काचांचे पूर्ण ट्रॅक आणि जाळीला एक बारका.

ट्रॅक रिकामा असेल तर डोकं लावायचं कारणच नाही, त्याच सेक्शनची, म्हणजे दाराची फ्रेम ज्या घडणीच्या पट्टीची आहे त्याच पट्टीची, सरकती जाळीची फ्रेम करून घ्या. स्वस्त, टिकाऊ, काढून धुता येते, जाळी फाटली तर फक्त रबर काढून नवीन जाळी भरता येते. फक्त सेक्शन तोच पाहिजे. तुमचं दार २७ च्या डोमलमध्ये (ॲल्युमिनियम सेक्शनचा एक प्रकार) असेल आणि दुसऱ्यानं आपल्याकडच्या उरलेल्या सेक्शनची फ्रेम करून आणली तर ती एकतर ट्रॅकवर नाचते नाहीतर वरनं सुटते. बिल्डरचं काम ज्या फॅब्रिकेटरनं केलंय त्याचा नंबर सोसायटीत कुणाकडं तरी असतोच, आधी त्याला विचारा, नाहीतर दाराचा एक कोपरा फोटोत मापासकट घेऊन उद्यमनगरात फिरा.

घर अजून बांधकामात असेल तर आत्ताच थ्री ट्रॅक मागून घ्या. नंतर फ्रेम बदलायची म्हणजे ग्रॅनाईटचा उंबरा, प्लॅस्टर, रंग सगळं उकरायचं. बिल्डर कुरकुर करेल, करू दे.

खरी गोची टू ट्रॅकवाल्यांची. त्यांच्यासमोर चार वाटा आहेत.

पहिली प्लीटेड, म्हणजे पेटीच्या भात्यासारखी घडी होणारी जाळी. दाराच्या आतल्या बाजूला वेगळी फ्रेम बसते, जाळी एका बाजूनं ओढायची नाहीतर दोन्हीकडनं मधे आणायची. दहा-बारा फुटी दाराला दोन पल्ल्यांची मधे जुळणारीच घ्यावी, एकाच पल्ल्यात एवढी लांबी ओढली की मधे झोल पडतो. फायदा असा की हात सोडाल तिथं थांबते, झटक्यानं मागं जात नाही. तोटा म्हणजे ती सगळी आतल्या बारीक दोऱ्यांवर उभी असते. दोरा तुटला की घड्या तिरक्या पडतात आणि दुरुस्तीला त्याच कंपनीचा माणूस लागतो. लहान पोरगं पळत येऊन थडकलं किंवा कुत्र्यानं पंजा मारला की घडी मोडते.

दुसरी वाट, आहे त्या फ्रेमच्या आतनं किंवा बाहेरनं जादा एक ट्रॅक स्क्रूनं मारायचा आणि त्यावर सरकती जाळी. दिसायला जरा जुगाड वाटतो पण नीट केला तर प्लीटेडपेक्षा जास्त वर्षं काढतो. पश्चिमेकडं तोंड असलेला वरच्या मजल्याचा फ्लॅट असेल, जून ते सप्टेंबर वारा-पाऊस थेट अंगावर येत असेल, घरात पोरं किंवा कुत्रं असेल, तर मी हाच सांगेन.

तिसरी रोलर, पडद्यासारखी डब्यात गुंडाळली जाणारी. खिडकीला झकास. मोठ्या दाराला नको. रुंदी वाढली की वाऱ्याचा एक झोत जाळीला कडेच्या खाचेतनं बाहेर काढतो आणि स्प्रिंग ती फटकन मागं ओढते, मधे बोट असेल तर बघायलाच नको.

चौथी चुंबकाचा पडदा, वेल्क्रोनं चिकटणारा. भाड्याचं घर असेल, चार-पाच महिने काढायचे असतील तर घ्या, तेही तीन-साडेतीन फुटी दाराला. दहा फुटाला तो वाऱ्यानं दिवसभर उघडाच राहतो.

एक गोष्ट बघायची राहते ती म्हणजे आडवं येणारं सामान. बऱ्याच जणांनी चोरांच्या भीतीनं स्लायडिंगच्या आत चॅनेल गेट किंवा ग्रील बसवलेलं असतं. दोन्हींच्या मधल्या जागेत जाळीची फ्रेम बसते का, दाराचं हँडल आणि लॉक बाहेर किती डोकावतंय, पडद्याचा रॉड कुठं येतोय हे टेप घेऊन बघा. प्लीटेडची घडी झालेली जाळीही बाजूला काही इंच खाते. आणि घरात वयस्कर माणसं असतील तर खालची पट्टी किती उंच आहे ते विचाराच, रात्री चप्पल शोधताना पाय अडकायला तेवढी पुरते.

काच अर्धी उघडली की डास कुठनं येतो

हे फार कमी फॅब्रिकेटर स्वतःहून सांगतात. सरकत्या जाळीत लोक तक्रार करतात की जाळी लावलीय तरी डास येतात, आणि जाळी तर धड असते. कारण असं. जाळीच्या एका उभ्या कडेला ब्रशची पट्टी असते, तिला वूल पाईल म्हणतात, ती शेजारच्या काचेच्या उभ्या पट्टीला टेकते आणि तिथली फट बंद होते. आता जाळीच्या लगेच शेजारच्या ट्रॅकवरची काचच तुम्ही सरकवली आणि अर्ध्यात सोडली, तर ब्रशला टेकायला काचेची उभी पट्टी राहतच नाही, समोर सपाट काच येते आणि मधे चांगली बोटभर फट.

म्हणून नियम असा की जाळीच्या शेजारच्या ट्रॅकवरची काच जागेवर राहिली पाहिजे, आणि रोज सरकवायची ती लांबच्या ट्रॅकवरची. मग काच पाव उघडा, अर्धी उघडा, फट पडत नाही. जाळी डावीकडं ठेवायची की उजवीकडं हे यावरनं ठरतं, 'हँडल कुठं बरं दिसेल' यावरनं नाही. तुमच्या दारात उलटं असेल तर काही वेळा दोन काचांची अदलाबदल करून जमतं, नाही जमलं तर काच एकतर पूर्ण उघडायची नाहीतर पूर्ण बंद, मधे ठेवायची नाही.

जाळी काचेच्या आत की बाहेर, हा दुसरा वाद. आत असेल तर पावसापासून वाचते पण काच बंद करायला आधी जाळी उघडावी लागते, आणि तेवढ्यात चार डास आत. बाहेर असेल तर काच मनासारखी हलवता येते पण जाळी ऊन-पाऊस दोन्ही खाते. आपल्या पावसाला मी आतलीच पसंत करतो, पण टेरेसवर पुढं मोठा स्लॅब किंवा पत्रा असेल तर बाहेरची चालेल.

माप

माप फॅब्रिकेटरच घेणार, तरी स्वतः एकदा घ्या. रुंदी तीन ठिकाणी, वर, मधे, खाली. उंची तीन ठिकाणी, डावीकडं, मधे, उजवीकडं. आपल्या भिंती काटकोनात असतील या भरवशावर राहू नका. फ्रेमच्या आत बसणाऱ्या जाळीला यातलं सगळ्यात लहान माप धरायचं. मग दोन्ही कर्ण मोजा, एका कोपऱ्यापासनं समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकं. दोन्हींत दोन सुतापेक्षा जास्त फरक आला, म्हणजे सहा-सात मिमीच्या वर, तर फ्रेम तिरकी आहे, आणि हे माप देतानाच सांगायचं, बसवताना नाही. प्लीटेडला तर जास्तच, तिरक्या फ्रेममध्ये ती शेवटच्या चार इंचांत जुळतच नाही, वरनं टेकते आणि खालनं फट.

मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा. मिस्त्री सुतात बोलतो, कंपनी मिलिमीटरमध्ये, आणि मधे तुम्ही इंचात सांगितलं की कुणीतरी ऐकण्यात गडबड करतोच. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.२ मिमीच्या आसपास.

फ्रेमची ताकद, इथं कंजूषी नको

आठ फुटी दाराच्या जाळीचा पल्ला चार फूट रुंद आणि सात फूट उंच होतो. एवढी जाळी ताणून रबर ठोकली की ती उभ्या पट्ट्यांना आत ओढते, फ्रेम मधे बारीक होते आणि मधेच ब्रश काचेपासनं सुटतो. म्हणून एवढ्या पल्ल्याला कमरेच्या उंचीवर एक आडवी पट्टी मागाच. दिसायला जरा आडवी येते पण फ्रेम सरळ ठेवते, आणि पोरं थडकतात ती पट्टीला, जाळीला नाही. कुत्रं असेल तर पट्टीच्या खाली जाड पेट मेश, म्हणजे पाळीव प्राण्यांच्या पंजाला टिकणारी जाळी, आणि वर साधी जाळी असं करून घेता येतं, खर्चही आटोक्यात राहतो. पेट मेश सगळीकडं लावू नका, धागा जाड असल्यानं वारा फार अडवते.

खालची चाकं बेअरिंगची आणि स्क्रूनं खाली-वर करता येणारी घ्या. प्लॅस्टिकची साधी चाकं एका पावसाळ्यात कुरकुरायला लागतात.

आता जाळीचं कापड

फायबर म्हणजे काचेच्या धाग्यावर पीव्हीसीचा लेप. गंजत नाही, स्वस्त, ताणायला सोपी, बहुतेकांना हीच पुरे. फायबर म्हणून नायलॉन गळ्यात मारतात कधी कधी, तर नमुन्याचा तुकडा घरी आणून काडी लावून बघा, गॅलरीत, हात सांभाळून. नायलॉन वितळून गोळा होतो, फायबरचा लेप जळतो आणि आत काचेचे धागे शिल्लक राहतात.

एसएस म्हणजे स्टेनलेस स्टील, महाग पण उंदीर, मांजर यांना दाद देत नाही, तळमजल्याला आणि बंगल्याला चांगली. ३०४ ग्रेड मागा. चुंबक लावून 'चिकटत नाही बघा, ओरिजनल आहे' असं दाखवतात, त्यावर जाऊ नका, २०२ पण चिकटत नाही आणि पावसात तीच आधी गंजते. बिलावर ग्रेड लिहून घेणं हाच त्यातल्या त्यात इलाज. ॲल्युमिनियमची जाळी एकदा दबली की खळगा तसाच राहतो, मोठ्या दाराला सोडून द्या. प्लीटेडला फारसा पर्याय नसतो, तिची बहुतेक पॉलिस्टरची येते.

रंग काळा किंवा गडद राखाडी घ्या. पांढरी जाळी दिवसा उजेड परतवते आणि बाहेरचं धुरकट दिसतं, काळीतनं टेरेस स्वच्छ दिसतो. फक्त काळी जाळी चटकन दिसत नाही, तर डोळ्याच्या उंचीवर दोन छोटे स्टिकर लावा, पाहुणे थडकत नाहीत.

कोटेशन आणि बसवायचा दिवस

भाव स्क्वेअर फुटावर सांगतात. आठ बाय सात म्हणजे ५६ फूट झाले, पण सरकती जाळी अर्ध्याच दारावर असते, म्हणजे २८. पूर्ण दाराचा भाव लावलाय की जाळीच्या पल्ल्याचा, हे विचारल्याशिवाय दोन कोटेशनची तुलना होतच नाही. जीएसटी धरून की सोडून, फिटिंग, वाहतूक, जुनं काढायचं वेगळं का, सेक्शनची जाडी किती, कोटिंग कुठल्या रंगाचं, हेही लिहून घ्या. प्लीटेडमध्ये दोरा तुटला तर किती वर्षं फुकट बदलून देणार ते खास विचारा, कारण तक्रार तिथंच येते.

बसवून झाल्यावर लगेच पैसे देऊन मोकळे होऊ नका, अंधार पडेपर्यंत थोडी रक्कम मागं ठेवा आणि ते आधीच बोलून ठेवा म्हणजे वाईट वाटत नाही. अंधार पडला की हॉलचे दिवे बंद, एकानं बाहेर टेरेसवर जाऊन मोबाईलचा टॉर्च कडेकडेनं फिरवायचा, दुसऱ्यानं आतनं बघायचं. जिथनं उजेडाची सरळ रेघ दिसते तिथं दोन एटीएम कार्डं एकावर एक ठेवून घालून बघा. एक कार्ड ०.७६ मिमीचं, दोन मिळून दीड मिमी. दोन्ही सहज जात असतील तर डासही जातो. खालचे दोन कोपरे आणि जाळी जिथं काचेला मिळते ती उभी रेघ, नव्वद टक्के फटी इथंच सापडतात. बहुतेक वेळा चाकाचा स्क्रू फिरवून नाहीतर ब्रशची पट्टी जरा जाड बदलून काम होतंय.

सिलिकॉन मारताना खालच्या फ्रेमची पाणी जायची भोकं बुजवलेली नाहीत ना ते बघा. ती बुजली की जुलैत ट्रॅकमध्ये पाणी तुंबून थेट हॉलमध्ये येतं. भोकं मोठी असतील तर त्यावर जाळीचा तुकडा लावून घ्या, डासाला तेवढं दार पुरतं.

निगा

पावसाळा संपला की एकदा आणि उसाचा हंगाम संपला की एकदा, एवढं धुणं बस. फ्रेम काढून टेरेसवर आडवी ठेवा, आधी कोरडा मऊ ब्रश, मग साबणाचं पाणी. गाडी धुवायच्या प्रेशर पंपानं मारू नका, जाळी रबरातनं सुटते. फरशीचं ॲसिड एसएसच्या जवळ नेऊ नका, गंज धरायला तेवढा वास पण पुरतो. प्लीटेड जागेवरच व्हॅक्यूमनं नाहीतर ओल्या फडक्यानं हलक्या हातानं पुसायची आणि पूर्ण वाळल्याशिवाय घडी करायची नाही, ओली मिटली की बुरशी. ट्रॅकमध्ये तेल, ग्रीस घालू नका, धूळ चिकटून चाक जाम होतं, सिलिकॉन स्प्रेचा एक फवारा पुरे.

आणि फिटिंगवाला निघताना उरलेली जाळी आणि रबर गुंडाळून गाडीत टाकत असतो, ती मागून घ्या. फूटभर जाळी आणि दोन मीटर रबर कपाटावर असली की एखादं भोक पडलं तर रविवारी घरीच काम होतंय.